लाल दिसतंय तोवर

“आणखी मोठा कर,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, याहून मोठा केला तर आकडा स्क्रीनच्या बाहेर जाईल.”

“मग लाल गडद कर. आणि तो डबा जरा पुढं घे. माझ्या खुर्चीवरनं सरळ दिसाय पाहिजे.”

डबा म्हणजे माझा लॅपटॉप. सांगलीतल्या एका नाट्यगृहाच्या डाव्या विंगेत एका स्टुलावर तो होता आणि शेजारच्या स्टुलावर मी. काळ्या स्क्रीनवर लालभडक आकडा उभा होता, पंचेचाळीस मिनिटं शून्य सेकंद. अजून चालू केला नव्हता. आमच्या आधीचा संघ आपलं नेपथ्य उचलून नेत होता. त्यांचं पुठ्ठ्याचं झाड दारात अडकलं होतं आणि चार जण एकमेकांवर खेकसत होते.

आप्पा म्हणजे माझे वडील, गंगाधर हेब्बाळकर. गडहिंग्लजच्या एका दवाखान्यात जन्मभर कंपाउंडरकी केली, पण गावात कुणालाही विचारा, ‘नट हेब्बाळकर’ असंच सांगतील. तेव्हा त्यांचं वय अडुसष्ट होतं. मी त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून, नवऱ्याच्या घरी राहायची आणि पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करायची. नाटकाशी माझा संबंध म्हणाल तर लहानपणी विंगेत झोपायची, एवढाच. विंगेत जागं राहायचं काम आईचं. हातात संहिता घेऊन ती उभी असायची. आई गेल्यापासून ती जागा रिकामीच होती.

मी तिथे पुन्हा आले ती मागच्या वर्षीच्या प्रकारामुळे. याच स्पर्धेत, याच रंगमंचावर, याच एकांकिकेत आप्पांवर पडदा पडला होता. तिसरी घंटा झाल्यापासून पंचेचाळीस मिनिटांत एकांकिका संपली नाही तर आयोजक पडदा ओढणार आणि संघ बाद, असा तिथला नियम. एकांकिकेचं नाव ‘पहारा’. बंद पडलेल्या सूतगिरणीचा म्हातारा पहारेकरी आणि त्याला घरी न्यायला आलेला मुलगा, दोनच पात्रं. शेवटी मुलगा कंदील विझवायला वाकतो आणि म्हातारा म्हणतो, “कंदील विझवू नगंस, लेका. मी अजून बघायलोय.” त्या एका वाक्यासाठी सगळी एकांकिका लिहिलेली. मागच्या वर्षी आप्पांनी त्याच्या थोडं आधी एवढा लांबलचक पॉज घेतला, की ‘कंदील’ म्हणायला तोंड उघडलं आणि पडदा त्यांच्या नाकासमोरून सरकला. पडद्यामागे त्यांनी ते वाक्य पुरं केलं. ऐकलं ते फक्त आम्ही. मी तेव्हा नुसती सोबतीला गेले होते.

परतीच्या गाडीत शिवा नांगनूरकर, आमचा दिग्दर्शक, एकच वाक्य बोलला. “आप्पा, पॉज घ्यावा माणसानं, पण त्यात संसार थाटू नये.” सगळे हसले. आप्पा हसले नाहीत.

बाद झालेली एकांकिका पुन्हा आणायला नियमात मनाई नव्हती. शिवाने ती पुन्हा आणली, पण एका अटीवर. या खेपेला वेळ गेली तर पुढे आप्पा नाहीत, म्हाताऱ्याचं काम दुसरा कुणीतरी करील. आप्पांनी मान डोलावली आणि मला म्हणाले, “शैले, बक्षिसाचं मला काय न्हाई बघ. ते वाक्य एकदा पडद्याच्या अलीकडं बोलायचंय. मग घरी बसतो.”

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. या माणसाची पॉज घ्यायची खोड घालवण्यापेक्षा समोर घड्याळ ठेवावं, ही कल्पना माझी. तेव्हा खिशातल्या फोनची स्क्रीन बोटभर असायची. आमच्या लॅबमधून मोडीत निघालेला एक लॅपटॉप होता. त्यावर दुसरं काही चालायचं नाही म्हणून मी लिनक्स घातलं होतं. त्यात चार ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. एक सेकंद झोप, जाग आली की आकड्यातून एक वजा कर, उरेल तो स्क्रीनभर लाल रंगात दाखव, पुन्हा एक सेकंद झोप. शून्य झालं की स्क्रीन काळीठिक्कर. मध्येच घात नको म्हणून स्क्रीनसेव्हर बंद केला, पासवर्ड मागणं बंद केलं, अपडेटच्या सूचना बंद केल्या. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तसं मी एकेक फुंकत गेले.

तालमीत आप्पांना दाखवलं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, “आणि संपल्यावर काय हुतं?”

“काळं होतं सगळं.”

“म्हंजे लाल दिसतंय तोवर वेळ आहे.”

“लाल नाही हो, आकडा बघायचा. पाच राहिले की आवरतं घ्यायचं.”

“बघतो की,” ते म्हणाले.

आणि बघायचेही. तालमीत मधूनमधून त्यांची नजर विंगेकडे यायची, लॅपटॉपवर ठरायची आणि परत जायची. तीन तालमी वेळेत झाल्या. शिवाने मला चहा पाजला.

तर त्या दुपारी झाड एकदाचं दारातून निघालं आणि आमचं नेपथ्य लागलं. एक खुर्ची, एक पेटी, खुंटीवरचा कंदील आणि सगळ्या मंचावर अंथरलेलं गोणपाट. गोणपाट आप्पांच्या हट्टाचं. गिरणीत गोणपाट असतंच, म्हणाले. त्यांचा दुसरा हट्ट अनवाणी राहण्याचा. शिवाचं म्हणणं, पहारेकऱ्याच्या पायात बूट पाहिजेत. त्यावरून आठवडाभर वाद झाला होता आणि तो विंगेत पुन्हा उकरून निघाला.

“आप्पा, बूट आणलेत मी. अजून वेळ आहे, घाला.”

“गिरणी बंद पडली त्याची. बूट कुठनं आणील तो?”

“परीक्षक विचारतील.”

“विचारू देत. सांग, म्हातारा ऐकत न्हाई.”

शिवाने कपाळाला हात लावला आणि प्रकाशयोजनेच्या खोलीकडे निघून गेला. आप्पा मंचावर गेले. वाकून जमिनीला हात लावला, कपाळाला लावला. मग खुर्चीपाशी वाकले, मग पेटीपाशी, मग खुंटीखाली. मल्लू, मुलाचं काम करणारा, माझ्या कानाशी म्हणाला, “बघ, आमच्यात आहे का एवढी श्रद्धा?”

माझ्या मागेच वेळेचे अधिकारी महाबळ सर टेबल टाकून बसले होते. गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच आणि टेबलावर एक पिवळा दिवा. त्यांच्या शेजारी पडद्याच्या दोरीवरचा माणूस.

“पाच मिनिटं उरली की हा दिवा लागेल,” ते मला म्हणाले. “संपायच्या वेळी तुम्ही हात खाली केलात की हा पडदा ओढेल. तुम्ही नाही केलात, तर मी करीन. आणि विंगेतून शब्द सांगायचा नाही. आवाज आला की गुण गेले.”

“माहीत आहे, सर.”

“मागच्या वर्षीही तुमच्या संघाला माहीत होतं,” ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण बोलणं सुपारी फोडल्यासारखं.

तिसरी घंटा झाली. मी कळ दाबली. आकडा हलला.

पहिला अर्धा भाग कसा गेला ते मला कळलंही नाही. आप्पा त्या दिवशी काय बोलत होते! खोकला आला की पुढच्या रांगेतल्या बायकांच्या छातीत दुखावं असा. मधूनच नजर विंगेकडे यायची, लॅपटॉपवरून फिरायची आणि जायची. आकडा तालमीतल्या आकड्याशी तंतोतंत जुळत होता. मी सुखावले, आणि तिथेच माशी शिंकली.

एकांकिकेच्या मध्यावर एक अंधार आहे. गिरणीची वीज तोडतात, मंच काळोखात बुडतो. त्या काळोखात आप्पा डाव्या विंगेत येऊन घोंगडी घेतात आणि परत खुर्चीत जाऊन बसतात. मग उजव्या विंगेतून मल्लू दुसरा, पेटता कंदील घेऊन येतो आणि खुंटीवरचाही पेटवतो. अंधाराला थोडा अवकाश होता तेव्हा मल्लू मागच्या पडद्याआडून धापा टाकत माझ्याकडे आला.

“शैलाताई, कंदिलाची काच फुटली. हातात आली माझ्या.”

“दुसरी आहे ना?”

“आहे, पण बसंना. आणि हे रक्त बघ.”

मी उठले. मागच्या पडद्याआडून दोघंही उजव्या विंगेत गेलो. त्याच्या बोटाला माझा रुमाल गुंडाळला, काच बसवली, वात सारखी केली. मंचावर अंधार झाला आणि मी काडी ओढली. मल्लू कंदील घेऊन आत गेला तेव्हा आप्पा घोंगडी पांघरून खुर्चीत बसलेले. प्रेक्षकांतून एक उसासा आला. एवढ्या काळोखात हा म्हातारा न चाचपडता गेला कसा आणि आला कसा, याचं कौतुक तालमीतही व्हायचं.

मी पुन्हा मागच्या वाटेने निघाले. तिथे आधीच्या संघाचं ते झाड आडवं टाकलेलं होतं. आवाज न करता ते ओलांडायला दोन मिनिटं गेली. माझ्या जागेवर आले तर लॅपटॉपचं झाकण मिटलेलं.

कुणी मिटलं याचा विचार करायला वेळ नव्हता. नाटकवाल्या माणसाला अंधारात विंगेतला उजेड खपत नाही, कुणाचा तरी हात गेला असणार. मी झाकण उघडलं. स्क्रीन क्षणभर काळी राहिली आणि मग आकडा उगवला. चालत होता. मी देवाचे आभार मानले आणि स्टुलावर बसले.

आप्पांची नजर आली, लालवर ठरली, गेली. आता ते निवांत झाले. म्हाताऱ्याचं गिरणीतल्या भोंग्याबद्दलचं एक स्वगत आहे, ते त्यांनी असं रेंगाळत घेतलं, की प्रेक्षागृहात एक खुर्ची करकरली नाही. एक पॉज. आणखी एक पॉज. माझ्या आकड्याप्रमाणे अजून आठ मिनिटं होती, म्हणून मीही ऐकत बसले.

तेवढ्यात माझ्या हातावर पिवळा उजेड पडला.

मी मागे वळले. महाबळ सरांचा दिवा लागला होता.

“सर,” मी अगदी ओठातल्या ओठात म्हणाले, “लवकर लागला हा.”

त्यांनी स्टॉपवॉच माझ्यासमोर धरलं. चाळीस मिनिटं झाली होती.

“पण माझ्याकडे आठ—”

“तुमच्या यंत्राचं मला सांगू नका,” ते कुजबुजले. “पाच मिनिटं.”

पुढे काही बोलायला मी तोंड उघडलं, आणि माझं लक्ष झाकणाकडे गेलं. झाकण मिटलं की तो लॅपटॉप झोपतो. तो झोपला की माझा प्रोग्रामही झोपतो. किती वेळ झोपलो होतो हे त्याला कळत नाही. जाग आली की तो सोडल्या आकड्यापासून पुढे मोजायला लागतो. मी उजव्या विंगेत कंदील पेटवत होते, झाड ओलांडत होते, तेवढा सगळा वेळ त्याने मोजलाच नव्हता. स्क्रीनसेव्हर, पासवर्ड, सूचना, सगळं आठवणीने बंद केलं होतं. चालत्या घड्याळाचं झाकण कुणी मिटेल हे काही डोक्यात आलं नव्हतं.

मंचावर माझे वडील त्या खोट्या आकड्याच्या भरवशावर स्वगत रंगवत होते. तो आकडा असाच चालला तर तीन मिनिटं शिल्लक दिसत असताना त्यांच्या तोंडावर पुन्हा पडदा येणार होता. आणि या खेपेला तो माझ्या घड्याळाने येणार होता.

शब्द सांगता येत नव्हता. हात हलवून उपयोग नव्हता, कारण ते माझ्याकडे बघत नसत, लॅपटॉपकडे बघत. सांगायचं ते आकड्यानेच सांगायला हवं होतं. पण आठावरून एकदम चारावर उडी मारलेली दिसली असती तर? अडुसष्ट वर्षांचा माणूस, शेवटचं पान समोर. दचकला, शब्द विसरला, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मग मला सुचलं. उडी नको. आकडा आहे तिथूनच चालू दे, पण भरभर. माझ्या प्रोग्रामचा सेकंद मीच ठरवला होता ना? एक सेकंद झोप, याऐवजी अर्ध्या सेकंदाहून थोडी जास्त झोप. म्हणजे वरचा आकडा घाईघाईने उतरेल आणि महाबळ सरांच्या घड्याळाबरोबरच शून्यावर येईल. आप्पांना कळणारही नाही, नुसती आतून घाई होईल.

मी उठले, लॅपटॉपवर वाकले, आकडा लक्षात ठेवला आणि प्रोग्राम थांबवला. लाल गेलं. काळ्या स्क्रीनवर पांढरी बारीक अक्षरं आली. एकदा चुकीची कळ लागली, पुसली, पुन्हा लिहिलं. मनातल्या मनात भागाकार केला, शाळेत कधी केला नसेल इतक्या जोरात. मागे महाबळ सर घसा खाकरत होते.

आणि मंचावर काहीतरी बिघडलं.

मल्लू आपल्या मुलाबद्दल, म्हणजे म्हाताऱ्याच्या नातवाबद्दल बोलत होता. “तात्या, पोरगं रोज इचारतंय...” तेवढ्यात आप्पा खुर्चीतून उठले. ते उठायचे होते एका पानानंतर. मल्लूचं अर्धं वाक्य तोंडात राहिलं. आप्पा सरळ शेवटच्या भाषणाला लागले. “चल म्हणतोस, येतो. पण गिरणीला काय सांगू?” मधलं सगळं पान, नातू, चाळ, बायकोचं पातळ, सगळं गेलं.

विसरले, मला वाटलं. संपलं. मी वाकल्या वाकल्या मान वळवून बघितलं. मल्लू नुसता खिसे चाचपत होता, जणू त्यात त्याचं पान सापडणार होतं. पण पोरगा हुशार. एक पाऊल मागे सरला आणि गप्प उभा राहिला, बाप बोलतोय तर बोलू दे म्हणून.

मी शेवटची कळ दाबली आणि बाजूला झाले. आकडा पुन्हा उजळला आणि धावत सुटला. सेकंद एकमेकांच्या पाठीवर बसून चालले होते.

आप्पांची नजर विंगेकडे आली. लालवर ठरली. नेहमीपेक्षा जास्त वेळ ठरली. मला वाटलं, आता भरभर उरकतील. पण ते सावकाश झाले. भाषण संपवलं, दमादमाने. मल्लू खुंटीवरच्या कंदिलापाशी गेला आणि काच वर करून वाकला. आता ते वाक्य. एवढंच राहिलं होतं.

आप्पांनी पॉज घेतला.

मला किंचाळावंसं वाटलं. आकडा मिनिटाच्या खाली गेला. आप्पा उभे. अंगावर घोंगडी, हात थोडेसे पुढे आलेले, डोळे कंदिलाच्या उजेडाकडे. प्रेक्षागृहात कुणी श्वासही घेत नव्हतं. दोरीवरच्या माणसाने दोरी दोन्ही हातांत घेतली. त्याचा एक डोळा माझ्यावर आणि एक महाबळ सरांवर. सर उभे राहिले होते. त्यांचा अंगठा स्टॉपवॉचवर होता आणि हात वर गेला होता. बोला, मी मनात म्हणत होते, आप्पा, बोला हो. आई असती तर तिने काय केलं असतं, मला माहीत नाही. मी ओढणीचं टोक दातांत धरलं.

“कंदील विझवू नगंस, लेका,” आप्पा म्हणाले. किती हळू म्हणाले, आणि शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. “मी अजून बघायलोय.”

मी हात खाली केला. पडदा आला. माझी स्क्रीन काळी झाली.

महाबळ सरांनी स्टॉपवॉच दाबून डोळ्यांजवळ नेलं, मग माझ्याकडे बघितलं. “आत आहे,” ते म्हणाले आणि खाली बसून रुमालाने मान पुसायला लागले. बाहेर टाळ्या सुरू झाल्या होत्या. पडद्याआड मल्लू आप्पांना मिठी मारून रडत होता.

मेकअपच्या खोलीत मी आप्पांच्या मिशा काढायला बसले. डिंक सुटता सुटत नव्हता. मला हसू येत होतं, रडू येत होतं आणि रागही येत होता. आधी राग बाहेर पडला.

“आप्पा, अख्खं पान गाळलंत तुम्ही! मल्लूचं काय झालं असतं?”

“लाल गेलं की गं.”

“कुठे गेलं?”

“मधीच गेलं. म्हटलं, झालं, वेळ संपली. आता वाक्य तरी पदरात पाडून घ्यावं. उठलो. तर थोड्या वेळानं परत आलं. मग म्हटलं, आहे अजून.”

“पण आकडा बघायचा होता ना! नुसतं लाल काय बघता?”

समोर आरसा होता, त्याच्या भोवती दिवे. त्यात आप्पांचा चेहरा होता, माझाही होता. ते आरशाकडे तोंड करून बसले होते, पण बघत नव्हते. कुठेच बघत नव्हते. माझा कापूस त्यांच्या ओठावर तसाच थांबला.

“आप्पा, किती बोटं आहेत?”

“हात खाली घे,” ते म्हणाले. “पोरं बघतील.”

“आप्पा!”

“आकडा कुठला दिसतोय मला? लाल ढग दिसतो एक. तू मोठा केलास तवा ढग मोठा झाला.” ते थोडं हसले. “म्हणून तर सारखं, मोठा कर, मोठा कर.”

“कधीपासून?”

“दीड-दोन वर्सं झाली. डॉक्टरकडं जाऊन आलो गुपचूप. गेलेलं येत न्हाई म्हणाला. काचबिंदू हाय.”

मी कापूस खाली ठेवला. घरी गेलं की हा माणूस समोर पेपर धरून बसलेला असायचा आणि मला बातम्या सांगायचा. त्या बातम्या सकाळी रेडिओवर लागलेल्या असायच्या. ते वाकून मंचाला हात लावणं, खुर्चीपाशी, पेटीपाशी, खुंटीखाली. ती श्रद्धा नव्हती.

“गोणपाटाखाली काय आहे, आप्पा?”

“सुतळी. खुर्चीपास्नं खुंटीपर्यंत. तिथनं विंगेपर्यंत. पायाला लागते. शिवा बूट घाल म्हणाला तवा माझा जीव गेलता बघ.”

“आणि लॅपटॉपचं झाकण?”

“ते मीच मिटलं. घोंगडी घ्यायला आलो तर त्या काळोखात तेवढंच एक दिसत हुतं. लाल. मला दिसतंय म्हंजे लोकास्नी बी दिसत असणार. अंधारात उजेड ठेवत न्हाईत, शैले. तुझ्या आईनं कधी ठेवला न्हाई.” मग एकदम दचकून म्हणाले, “का गं? त्यानं काय झालं?”

“काही नाही,” मी म्हणाले. “मिशी काढू द्या.”

बाहेर पुढच्या संघाची पहिली घंटा झाली. ते आरशाकडे तोंड ठेवूनच बोलले.

“मागल्या वर्सी मी पॉज घेतला म्हणून समदी हसली. संसार थाटला म्हणाली.”

“हो.”

“तो पॉज नव्हता. कंदील सापडंना.”

परतीच्या गाडीत मीही हसले होते.

“आजचा मातर माझा हुता,” आप्पा म्हणाले. “लाल परत आलं म्हणून घेतला. किती दिसांनी घेतला बघ.”

तेवढ्यात शिवा धाडकन आत आला. “आप्पा! परीक्षक भेटायला बोलावायलेत. तुमच्या त्या शेवटच्या पॉजबद्दल बोलायचंय म्हणतात. चला, समोरच्या पायऱ्या उतरून जायचंय. आणि एवढं एक पान खाल्लंत ते कुणाला बोलू नका.” आणि आला तसा गेला.

आप्पा उठले. घोंगडी खुर्चीवर टाकली, सदरा सारखा केला. दाराकडे एक पाऊल टाकलं आणि थांबले. तिथे गोणपाट नव्हतं.

“ते लाल मधी का गेलतं गं?” त्यांनी विचारलं.

“मी आड आले होते.”

“बरं झालं आलीस,” ते म्हणाले, आणि त्यांनी माझा खांदा शोधला.